शेवटच्या खोलीची रेंज

बरेच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. परवा उमरग्याच्या मावशीचा फोन आला, "काय रे, लिहायचं सोडलंस का? आणि तू सध्या नेमकं करतोस तरी काय?" हा दुसरा प्रश्न मला लग्नाकार्यात हमखास येतो. वीस वर्षांपूर्वी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं उत्तर पुरायचं. आता पुरत नाही. "वायफाय बसवतो" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी "एवढं शिकून?" असं येतं आणि मग लगेच, "आमच्या वरच्या खोलीत रेंज येत नाही, बघतोस का जरा?" तर आजचं हे लिखाण मावशीसाठी, आणि वरच्या खोलीत रेंज न येणाऱ्या सर्वांसाठी.

सध्या माझं बरंचसं काम होस्टेलांमधलं आहे. मुक्काम सोलापूरला, पण कामं निम्मीअधिक धाराशिव जिल्ह्यात. (उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. आमच्या बोलण्यात अजून दोन्ही नावं येतात, त्याबद्दल शेवटी सांगतो.) बाहेरच्या लोकांना वाटतं या जिल्ह्यात कसली आली होस्टेलं! पण तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे, मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र शहरात २००४ साली आलं, २०२२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शिवाय तालुक्यांच्या गावी लहानमोठी कॉलेजं. परंडा, भूम, लोहारा इथल्या वाड्यावस्त्यांवरची मुलं-मुली शिकायची म्हटली की होस्टेल लागतंच. रोज एसटीनं ये-जा करायची तर दिवस प्रवासातच जातो. मी ज्या होस्टेलबद्दल लिहितोय ते वर नाव घेतलेल्यांपैकी नाही, आणि त्याचं नाव कळून तुमचा काही फायदाही नाही.

मुलींचं होस्टेल. तीन मजले, दोन भाग. जुना भाग काळ्या दगडाचा, दीड फुटी भिंतींचा. नवा भाग सिमेंट-विटांचा. दीडशेच्या आसपास मुली. माझ्याआधी कुणीतरी तिथे सात ॲक्सेस पॉइंट बसवून गेलेलं होतं. ॲक्सेस पॉइंट (आम्ही नुसतं 'एपी' म्हणतो) म्हणजे छताला चिकटवलेली पांढरी ताटली. बाकीचं सगळं, म्हणजे वायर, स्विच, कंट्रोलर, वगैरे, त्या ताटलीपर्यंत इंटरनेट आणून पोचवायला. ताटलीपासून तुमच्या फोनपर्यंतचे शेवटचे तीस-चाळीस फूट हवेतले. आणि सगळी भांडणं त्या तीस-चाळीस फुटांतली!

कार्यालयातून आलेली तक्रार एका ओळीची होती, "वायफाय स्लो आहे." याच्यावरून काही कळत नाही. डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे ते. मग लॅपटॉप आणि फोन घेऊन प्रत्येक मजला चालायचा, कुठे सिग्नल किती येतो ते नोंदवायचं. मुलींच्या होस्टेलात हे कसं होतं ते सांगतो. पुढे आक्का. आक्का म्हणजे तिथल्या साफसफाईच्या बाई, पंधराएक वर्षं तिथेच आहेत. प्रत्येक मजल्याच्या जिन्यात उभं राहून त्या आरोळी ठोकणार, "पुरुष मानूस हाय गं, दारं लावून घ्याऽऽ!" मग धडाधड दारं लागणार आणि मग मी खाली मान घालून, हातात फोन धरून, शुकशुकाटातून चालणार. एखाद्या संस्थानिकासारखं वाटतं :)

पहिल्या मजल्यावर मी मधोमध उभा राहून आकडे बघत होतो तर आक्का म्हणाल्या, "सर, हितं काय बघायलाव? हितं येतीय की रेंज. येईना गेलीय ती तिकडं, जुन्या अंगाला. रातच्याला धा-बारा पोरी जिन्यात बसत्यात लॅपटॉप घेऊन. थंडीत चादरी घेऊन बसत्यात."

एवढ्या एका वाक्यात माझं निम्मं काम झालं. माझ्या ॲपला जिन्यात बसणाऱ्या मुली दिसत नव्हत्या, कारण मी दुपारी गेलो होतो.

आता थोडं तंत्राचं. कंटाळू नका, गोष्ट त्यातच आहे.

तुळजापूरला कोजागिरीच्या सुमाराला गेला असाल तर माहीत असेल. सोलापूरहून चालत आलेली माणसं, रस्ते भरून वाहतात, आणि फोन लागत नाही. फोनवर चार-चार काड्या दिसतात, तरी लागत नाही. कारण काड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुम्हाला किती मोठ्यानं ऐकू येतो एवढंच. तुमची पाळी कधी येणार ते काड्या सांगत नाहीत. वायफायचंही तसंच. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. एपी सुद्धा त्या रांगेतच. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. मग दोघांनी थोडं थांबायचं, प्रत्येकानं आपापल्या मनानं वेगवेगळा वेळ, आणि पुन्हा बोलायचं. ही युक्ती १९७१ मधली. हवाई विद्यापीठानं बेटाबेटांवरची केंद्रं रेडिओनं जोडली त्या अलोहानेटची. वायफायनं तिच्यात 'आधी ऐक, मग बोल' एवढी भर घातली. गंमत म्हणजे मुळात हा सगळा उद्योग एका विद्यापीठानं लांबच्या, समुद्रापलीकडच्या लोकांना आत घेता यावं म्हणून केला होता. आपल्याला जिन्यापलीकडची खोली जमत नाही. असो.

गोंधळ घालणारे गोंधळी बघा. संबळ, तुणतुणं, मुख्य गोंधळी आणि त्याला साथ देणारा, पण कोण कधी बोलणार हे पक्कं असतं. म्हणून तो गोंधळ ऐकवतो. या होस्टेलातला मात्र दुसऱ्या अर्थाचा गोंधळ होता. २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात तेरा चॅनेलं दिसतात, पण ती एकमेकांवर सांडलेली. एकमेकांना त्रास न देणारी तीनच, १, ६ आणि ११. सातपैकी पाच एपी ६ वर बसलेले. वर प्रत्येकाची ताकद पूर्ण वाढवून ठेवलेली. सगळे एपी व्हरांड्याच्या छताला एका रांगेत, कारण वायर ओढायला ते सोपं. व्हरांड्यात त्यांना एकमेकांचा आवाज खणखणीत ऐकू येणार आणि म्हणून ते एकमेकांसाठी थांबत बसणार. आणि ज्यांच्यासाठी बसवले त्या मुली भिंतीपलीकडे, लोखंडी कपाटापलीकडे.

ताकद वाढवली की रेंज वाढते असं सगळ्यांना वाटतं. देवळाच्या भोंग्याचा आवाज तुम्हाला दोन किलोमीटरवरून ऐकू येतो, पण तुम्ही तिथून दिलेली हाक देवळात पोचत नाही. फोनचा रेडिओ लहान असतो, बॅटरीवर चालणारा. एपी ओरडतोय, फोनला ऐकू येतंय, फोन उत्तर देतोय ते एपीला ऐकू येत नाही. मुलीला फोनवर काड्या दिसतात आणि पान काही उघडत नाही. तिला वाटतं आपला फोनच स्वस्तातला आहे म्हणून. मला हे एकीनं खरंच विचारलं, "सर, भारीतला फोन घेतला तर येईल का?" घरून पैसे मागायच्या आधी तिनं विचारलं हे बरं झालं.

वायफाय चालत नाही म्हणून ज्यांच्याकडे डेटा आहे त्या मुली स्वतःचा हॉटस्पॉट लावतात. प्रत्येक हॉटस्पॉट म्हणजे त्याच पट्ट्यात आणखी एक बोलणारा. म्हणजे ज्यांच्याकडे डेटा नाही त्यांचं वायफाय आणखी बिघडतं. यात दोष कुणाला देणार?

आणि भिंती. या भागात दगडी भिंतीबद्दल बोलताना मला जरा थांबावं लागतं. आमचं गावाकडचं घर माळवदाचं होतं, दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात गारवा असा की पंखा नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तशाच भिंती आणि तशीच धाबी हजारो माणसांच्या अंगावर आली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आपल्या लोहारा तालुक्यातलं. त्यानंतर लोकांनी दगड-मातीची घरं सोडली, पत्र्यात राहिले, मग सिमेंटची बांधली. त्यामुळे हल्ली मला जाड दगडी भिंती फारशा लागत नाहीत. या होस्टेलचा जुना भाग चुन्यातला, पक्का, म्हणून राहिलेला. ५ गीगाहर्ट्झचा वेगवान पट्टा (आपल्याकडे त्यातला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवान्याविना मोकळा झाला) अशा भिंतीपुढे बराचसा गळून पडतो. २.४ चा जुना पट्टा थोडाफार पलीकडे जातो. जुन्या भागातल्या मुली त्यामुळे सगळ्या २.४ वर, आणि त्यातही सर्वांत हळू वेगावर.

आता मुद्द्याचं. लांबचा फोन हळू बोलतो. एपी आणि फोन आपापसात ठरवतात, नीट ऐकू येत नाही ना, मग सावकाश बोलू. अगदी एक मेगाबिटपर्यंत खाली येतात. जवळच्या फोनला जे सांगायला चुटकीसरशी होतं तेच लांबच्याला सांगायला पन्नास-शंभर पट वेळ. आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे ताटकळत. म्हणून आमच्या धंद्यात पहिला धडा असा, की हळू वेग बंद करून टाका. कंट्रोलरवर चार टिका काढायच्या. एक, दोन, साडेपाच, अकरा. पाच मिनिटांत सगळं होस्टेल सुसाट!

सगळं म्हणजे, ज्या मुली जोडलेल्या राहिल्या त्यांचं. जी लांब आहे तिला एपी आता जोडूनच घेत नाही. आणि खरी मेख पुढे आहे. कंट्रोलरच्या पडद्यावर जे आलेख असतात ते फक्त जोडलेल्यांचे. शेवटच्या खोलीतली मुलगी तुटली की तिचा लाल ठिपका पडद्यावरून नाहीसा होतो, सरासरी वेग वाढतो, सगळं हिरवं दिसायला लागतं. कार्यालयात तो पडदा दाखवला की शाबासकी मिळते, बिल निघतं. हा धडा चुकीचा नाही. पुस्तकात आहे, मीही ठिकठिकाणी वापरतो. फक्त तो कधी वापरायचा हे पुस्तकात खालच्या ओळीत असतं. आधी लांबच्या माणसाला जवळचा एपी द्यायचा, मग हळू वेग काढायचा. क्रम उलटा केला तर तुम्ही नेटवर्क सुधारलं नाही, नुसती तक्रार करणारी माणसं कमी केलीत.

तर मी आधी चॅनेलं नीट वाटून दिली, ताकद निम्म्याहून खाली आणली (कार्यालयातल्या साहेबांचा यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही), दोन एपी व्हरांड्यातून काढून खोल्यांच्या आत नेले. पत्त्यांचं एक दुखणं निघालं. नेटवर्ककडे वाटायला अडीचशे पत्ते, एकदा दिला की आठ दिवस अडकलेला. शनिवारी-रविवारी भेटायला आलेल्या भावांचे, वडलांचे फोन जोडले जायचे, गावी परत जायचे, आणि त्यांचे पत्ते इथेच पुढचा शनिवार येईपर्यंत राखून ठेवलेले. सोमवारी मुलींना पत्ता नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. मुदत चार तासांवर आणली, संपलं.

जुन्या भागासाठी मात्र नवे एपी लागणारच होते. तीन मागितले, मंजुरी दोनची आली, आणि त्यातला एक पाहुण्यांच्या खोलीत बसवा असा निरोप. कुठले पाहुणे विचारलं तर तपासणी समिती येते तेव्हा. वर्षातून दोन दिवस. मी वाद घातला नाही. आक्कांना सोबत घेऊन रात्री आठला (त्यांनी आरोळी ठोकलीच) जिन्यात गेलो, तिथे बसलेल्या मुलींना खोली नंबर विचारले आणि ते एका कागदावर लिहून रेक्टर मॅडमना दिले. अकरा मुली, सहा खोल्या. त्यांपैकी दोघींच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात. दिवसा अर्ज भरणाऱ्यांची गर्दी, म्हणून त्या रात्री एक-दोनला जिन्यात बसून भरत होत्या. कागद वर गेला. पाहुण्यांच्या खोलीचा विषय परत निघाला नाही. एक एपी दुसऱ्या मजल्यावर जिन्याकडच्या टोकाला आणि एक तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीच्या आत, अशी जागा ठरली. मग मी त्या चार टिका काढल्या.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण एक टीक राहिली होती. वेळापत्रकाची.

रेक्टर मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "रात्री दहाला वायफाय आपोआप बंद होईल असं करून द्या." माझ्या दृष्टीनं अर्ध्या मिनिटाचं काम. मी विचारलं, "मुलांच्या होस्टेललाही हेच टाकू ना?" मॅडम जरा गप्प झाल्या. मुलांचं होस्टेल चोवीस तास चालू होतं, आहे.

केरळात याच गोष्टीवरून कोर्टात जाण्यापर्यंत वेळ आली होती. कोझिकोड जिल्ह्यातल्या चेलन्नूरच्या कॉलेजमध्ये मुलींना रोज ठरावीक तास मोबाइल वापरायला बंदी होती. एका मुलीनं ते मानलं नाही, तिला होस्टेलातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत होस्टेलात घ्या. 'फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' या नावानं तो निकाल प्रसिद्ध आहे. मी मॅडमना हे सांगितलं. त्यांना ते माहीत होतं! उलट त्यांनी मला जे ऐकवलं ते मी विसरू शकत नाही. "तुम्ही सांगताय ते मला पटतं. पण रात्री दोनला एखाद्या मुलीचा भाऊ फोन करून विचारतो, ती ऑनलाइन कशी दिसते म्हणून. तिला घरी घेऊन जातात. आणि एकीचं काही झालं की त्या गावातल्या दहा जणींचं शिक्षण थांबतं. माझ्याकडे त्या दहा जणींचा हिशोब असतो."

मला अजूनही वाटतं की दहाला बंद करणं चूक आहे. भावाच्या संशयाची शिक्षा बहिणीच्या अर्जाला कशाला? पण मॅडम खलनायिका नव्हत्या. बोलत असताना त्यांनी आणखी एक विचारलं, मुली काय बघतात ते मला इथे दिसेल का? मी सांगितलं, कुठल्या साइटवर गेल्या एवढं साधारण कळू शकतं, आत काय वाचलं, कुणाला काय लिहिलं ते दिसत नाही. प्रत्येकीला स्वतःचं युजरनेम असतं ते कायद्यानं नोंद ठेवायला लागते म्हणून. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेला होता, त्यानंतर हे नियम घट्ट झाले. ती नोंद पोलिसांनी रीतसर मागितली तर द्यायची असते. कुणाचा भाऊ मागतो म्हणून नाही. "हे मला लेखी द्याल का?" त्या म्हणाल्या. "भावांना दाखवायला उपयोगी पडेल." दिलं. इतक्या आनंदानं मी कुठलाच कागद टाइप केलेला नाही.

शेवटी ठरलं ते असं. दोन्ही होस्टेलांना एकच वेळ, रात्री बारा. परीक्षेचा महिना आणि अर्जांच्या मुदतीचे आठवडे रात्रभर चालू. मुलांच्या होस्टेलकडून आठवडाभरात चौदा तक्रारी आल्या. त्यांचा अर्ज प्राचार्यांकडे पडून आहे. तो मंजूर झाला तर मुलींचंही वेळापत्रक त्याच दिवशी निघेल, कारण मी दोन्ही होस्टेलं कंट्रोलरवर एकाच गटात टाकून ठेवली आहेत. वेगळी करायची तर कुणाला तरी लेखी मागावं लागेल.

हां, नावांचं राहिलं. सगळ्या एपींची नावं अजून जुन्या नावावरूनच आहेत, 'ओएसएम-जीएच-०३' वगैरे. एपींची नावं कधीही बदलता येतात, कुणाला कळतही नाही. पण मुलींना फोनवर दिसणाऱ्या वायफायच्या नावातही 'उस्मानाबाद' आहे, आणि ते बदललं की दीडशे फोन एकदम तुटणार, प्रत्येकीनं परत जोडायचं. ऐन परीक्षेत नको म्हणून ते दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलंय. आक्कांना तारीख सांगून ठेवली आहे.